बोलण्याचा रोज

(कंधार येथील युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



तुम्ही मला कवी म्हणून बोलावलंत. पोट माझं गोदीवर भरतं. मॅट्रिक झालो इथंच, कंधारला. आज कविता वाचणार नाही. एक कविता फाडली, ती का फाडली तेवढं सांगतो.

मुंबईतल्या पहिल्या वर्षी पगार झाला की जोडीदारांबरोबर कामाठीपुऱ्यात जायचो. लपवत नाही. एका बाईनं विचारलं, गाव कुठलं? म्हटलं, कंधार. ती म्हणाली, "मन्याडला पाणी हाय का औंदा?" बस. साला मी विरघळलोच. नदी, माय, कडब्याचा भाव, सगळं तिला सांगत बसलो. खोलीवर येऊन कविता लिहिली: ही आपल्या मातीची, हिनं मला ओळखलं.

पुढच्या पगाराला सातारचा जोडीदार माझ्या आधी आत गेला. मध्ये नुसता पडदा. ती त्याला विचारत होती, "कृष्णामाईला पाणी हाय का औंदा?"

मी चिडलो. फसवलंस म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "बोलता माणूस हात उगारत न्हाई. तू बोलतोस तवर मी बघते, किती पिलाय, निरोध म्हटल्यावर भडकंल का. नदीचं नाव घेतलं की माणूस निम्मा गार होतो."

दोस्तहो, ह्याला काम म्हणतात. गोदीत क्रेनवाल्याला हाक देणारा माणूस असतो. तो ओझं उचलत नाही, पण त्याची हाक चुकली तर माल आमच्या डोक्यात. त्या हाकेचा त्याला रोज मिळतो. तिच्या बोलण्याला मात्र आपण माया समजतो. माळेगावच्या जत्रेत फडावरची बाई "या पाव्हणं" म्हणाली की आपण असेच फुगतो अन् गावभर मिशा पिळत फिरतो.

आणि कायदा? १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं आठवं कलम वाचा. चारचौघांत शब्दानं, हावभावानं गिऱ्हाईक बोलावलं तर गुन्हा. बाईला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तेच पुरुषानं केलं तर सात दिवस ते तीन महिने. म्हंजे तिचा शब्द रस्त्यावर गुन्हा अन् खोलीत प्रेम! मजुरी कुठंच नाही. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टानं पोलिसांना बजावलं की ह्या बायांना सन्मानानं वागवा, घटनेचं २१ वं कलम त्यांनाही आहे. कायदा झाल्यावर ६६ वर्षांनी! आपल्याला किती लागणार?

१६ जून १९३६ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब कामाठीपुऱ्यातल्या बायांपुढं उभे राहिले. हे जिणं सोडा, असं तोंडावर सांगितलं. कडक बोलले, पण त्यांच्याशी बोलले. आपण त्यांच्याविषयी बोलतो. टाळ्या घेतो.

कविता फाडल्यावर एकदा दिवसाउजेडी तिला चहा पाजला. विचारलं, तुझी नदी कोणती? तिनं सांगितली नाही. म्हणाली, "तेवढी ऱ्हाऊ दे. ती इकायची न्हाई."

तेव्हा तिच्या बोलण्याला काम म्हणा. आणि पुढच्या मेळाव्यात माझ्या जागी तिला उभी करा. ती काय बोलायचं ते तिचं ती ठरवील. आपण खाली बसून ऐकू.

जयभीम.