ख्रिस्ती घरात वाढल्यावर 'पेगन' वाटेकडे वळायचं का?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा विषय मी तीन-चार महिने पुढे ढकलत होते. कारण साधं आहे, माझी आई हा पॉडकास्ट ऐकते. आई, शेवटपर्यंत ऐक आणि मग फोन कर, मध्येच नको.

मी नगरची. मराठी ख्रिस्ती घर. संडे स्कूल, 'उपासना संगीत'मधली गाणी, नाताळच्या आधी रात्री कानटोप्या घालून घरोघरी गात फिरणं, करंज्या, दृढीकरण, सगळं रीतसर झालं. आणि गेलं दीड वर्ष मी पेगन परंपरांबद्दल वाचतेय. विक्का, ड्रुइड, आइसलंडचे ते थॉर-ओडिनवाले, सगळं. आता प्रश्न असा की वाचनावर थांबायचं, की पुढे जायचं? म्हणजे ऋतूंचे सण पाळायचे का, पौर्णिमेला काही विधी करायचा का, कुणाला तरी, कुठल्यातरी देवीला, हाक मारायची का?

ऐकायला किरकोळ वाटेल. शेजारच्या घरात दर पौर्णिमेला काहीतरी होतंच. पण ज्या घरात दहा आज्ञा पाठ करून घेतल्या जातात, तिथे हे किरकोळ नाही. पहिली आज्ञाच याबद्दल आहे.

आधी शब्दाचं बघू. लॅटिनमधला 'पागानुस' म्हणजे खेडूत, गावाकडचा माणूस. रोमन साम्राज्यात शहरं ख्रिस्ती होत गेली आणि जुने देव धरून राहिलेल्यांना हा शब्द चिकटला. म्हणजे मूळ अर्थ जवळजवळ 'गावंढळ'. आपल्याकडच्या प्रवचनांत त्याच्या जागी 'मूर्तिपूजक' येतो. युरोपात पाळक हा शब्द वापरतो तेव्हा तो हजार वर्षांपूर्वीच्या लोकांबद्दल बोलत असतो. आपल्याकडे तो होळीला पुरणपोळी पाठवणाऱ्या शेजारच्या काकूंबद्दल बोलत असतो. लहानपणी मला याची फार लाज वाटायची. पोळी खायची आणि रविवारी मान डोलवायची.

आता आजचं पेगनिझम म्हणजे काय? रील्समध्ये सांगतात की हा हजारो वर्षांचा, चर्चने दडपलेला, गुपचूप जिवंत राहिलेला धर्म आहे. तसं नाहीये. विक्का जगासमोर आणला इंग्लंडच्या जेराल्ड गार्डनर यांनी. तिथला जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचा आधार होता मार्गारेट मरे यांचा 1921 चा सिद्धांत, की युरोपात चेटकिणींचा एक गुप्त प्राचीन धर्म होता. इतिहासकारांनी तो केव्हाच मोडीत काढलाय. रोनल्ड हटन यांनी 1999 मध्ये विक्काचा सगळा इतिहास लिहिला, आणि तोही टिंगल न करता. ते आठ सणांचं 'वर्षचक्र' आहे ना, जे प्रत्येक अ‍ॅपमध्ये गोल चित्रात असतं, ते आजच्या रूपात विसाव्या शतकात जुळवलेलं आहे. त्यातली काही नावं तर 1970 च्या दशकातली.

मला विचाराल तर नवं असणं हा दोष नाही. सगळेच धर्म कधीतरी नवे होते. पण नवं असून 'आम्ही प्राचीन' म्हणणं खटकतं. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत साधारण 74,000 लोकांनी धर्माच्या रकान्यात 'पेगन' लिहिलं, आणखी 13,000 नी 'विक्का'. त्यातल्या बऱ्याच जणांना हटन पाठ असेल, आणि तरीही ते आहेत. म्हणजे त्यांना मिळणारं काहीतरी त्या प्राचीनतेवर अवलंबून नाही.

आइसलंडची गोष्ट मला सगळ्यात आवडते. सन 1000 च्या सुमारास तिथे ख्रिस्ती आणि जुने दैवतवाले यांच्यात देश फुटायची वेळ आली. निवाडा सोपवला थॉरगेइर नावाच्या माणसावर, आणि तो स्वतः जुन्या धर्माचा. तो एक दिवस-रात्र घोंगडी पांघरून पडून राहिला. उठला आणि म्हणाला, कायदा एकच हवा, सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा. मात्र घरात गुपचूप जुने विधी केले तर सुरुवातीला त्याला मोकळीक होती. नंतर तीही गेली. आणि मग 1972 मध्ये स्वेनब्योर्न बेइन्तेइन्सन नावाच्या शेतकरी कवीने मूठभर लोकांना घेऊन संस्था काढली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना मान्यता दिली.

त्या घोंगडीखाली तो काय विचार करत असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्यापुढे प्रश्न 'कुठला देव खरा' एवढाच नव्हता. आपली माणसं एकत्र कशी राहतील, हाही होता. माझाही अर्धा प्रश्न तोच आहे.

पण इथे एक मोठी अडचण येते, आणि ती इंग्रजी पुस्तकांत कुठेच सापडत नाही. तिकडचा युक्तिवाद असा: ख्रिस्ती धर्म तुमच्या पूर्वजांवर लादला गेला, तर परत जा, पूर्वजांच्या देवांकडे जा. नॉर्वेतल्या माणसाला हे लागू पडत असेल. मी कुठे परत जाऊ?

आमचं घराणं गावकुसाबाहेरचं. 1899-1900 च्या दुष्काळानंतरच्या वर्षांत पणजोबांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. लोक म्हणतात धान्यासाठी घेतला. घेतलाही असेल, उपाशी माणसाला धान्य लागतं. पण शाळाही मिळाली, पाटी हातात आली, आणि देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, आत बसायला मिळालं. त्याआधी गावातल्या देवाच्या पायरीपर्यंतही जाता येत नव्हतं. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला तो 1930 साली, म्हणजे आमच्या बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी. मग 'पूर्वजांचे देव' म्हणजे कुठले? ज्यांच्या दारात उभं राहू दिलं नाही ते? की मरीआई, जिचा गाडा गावाची रोगराई घेऊन वेशीबाहेर नेला जायचा, आणि वेशीबाहेर आम्ही राहायचो?

म्हणून 'परत जाणं' हा शब्द मी माझ्यापुरता काढून टाकलाय. पूर्वजांनी एक निवड केली होती, अतिशय कमी पर्यायांतून, आणि तिची किंमतही मोजली. 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना 1956 मध्ये मिळाला, बौद्धांना 1990 मध्ये. आम्ही अजून बाहेरच. ज्या निवडीची किंमत चार पिढ्या मोजतायत ती निवड मी 'लादलेली' म्हणून झटकून टाकली, तर तो त्यांचा अपमान होईल असं मला वाटतं. आणि ती माझ्यावर बांधील आहे का? नाही, तसंही नाही. त्यांना निवडता आलं, तर मलाही आलं पाहिजे.

दुसरी अडचण हवामानाची. हसू नका. त्या वर्षचक्रात 1 फेब्रुवारीला वसंताची चाहूल, मेंढ्यांना कोकरं होण्याचा काळ. आमच्याकडे तेव्हा ज्वारी काढणीला येत असते. 1 ऑगस्टला तिकडे पहिली कापणी, आमची बाजरी गुडघ्याएवढी हिरवी. पायाखालच्या मातीला मान द्यायचा हा ज्या वाटेचा गाभा, ती वाट इंग्लंडच्या मातीच्या तारखांनी नगरला कशी चालायची? पुण्यात फ्लॅटमध्ये बसून 31 ऑक्टोबरला 'हिवाळा सुरू झाला' म्हणत मेणबत्ती लावायची, बाहेर ऑक्टोबर हीट.

आणि 'विच' हा शब्द. इन्स्टाग्रामवर तो काळ्या नेलपॉलिशसोबत येतो, छान दिसतो. कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्तींनी तो उघडपणे, अभिमानाने घेतला, त्याला धाडस लागतं. पण नंदुरबारकडे एखाद्या बाईला डाकीण म्हटलं की तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. कुणावर करणीचा आळ घेऊन छळणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, 2013 च्या कायद्याने, आणि तो कायदा येण्याआधी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. मला तो शब्द स्वतःला लावून मिरवता येणार नाही. तुम्हाला येत असेल तर तुमचं तुम्ही बघा.

ओडिन-थॉरवाल्यांबद्दल एक इशारा, थोडक्यात. काही गटांत पहिला प्रश्न 'तुमचं रक्त कुठलं' हा असतो. तिथून निघायचं. आइसलंडची ती संस्था अशा वर्णद्वेषी मंडळींपासून स्वतःला जाहीरपणे वेगळं ठेवते, हे सांगायला हवं.

मग उरतं काय? हा प्रश्न मी महिनाभर घेऊन बसले होते. मला नक्की काय ओढतंय? तर चंद्र, पाऊस, पेरणी. देव आभाळापलीकडे नसून इथे, ओल्या मातीत आहे असं वाटणं. आणि देवाला बाईचा चेहरा असणं.

आणि यातलं बरंच काही आपल्याच ख्रिस्ती लोकांनी सांभाळून ठेवलंय. मुंबईचे ईस्ट इंडियन लोक ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा करतात, भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये. गोव्यात रायला 5 ऑगस्टला आणि ताळगावला 21 ऑगस्टला नव्या कणसांचं फेस्त. 24 जूनचं सांव जांव बघा, भर पावसात डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घालून विहिरीत उड्या. नावापुरता संत योहान, बाकी सगळं पाणी. आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण! लोक सांगतात की सात बहिणी होत्या, त्यातली एक शिरगावची लईराई आणि एक ख्रिस्ती झाली, ती मिलाग्रीस. बहीण म्हणून दोन्हीकडून तेल-फुलांची देवाणघेवाण चालते. धर्म बदलला, पण नातं तुटलं नाही. कुठल्याही धर्मपंडिताला हे नीट समजावता येणार नाही, आणि म्हापशातल्या बायकांना समजावून घ्यायची गरज पडत नाही.

पण हे सांगून मी प्रश्न टाळतेय, असं आमचे पाळक म्हणतील, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. कणसं प्रभूला अर्पण करणं वेगळं, आणि धरतीलाच देवी म्हणून हाक मारणं वेगळं. मध्ये रेघ आहे.

त्या रेघेशी गेलं की मला भीती वाटते. सात वर्षांची असताना एका बाहेरगावच्या प्रवचनकाराने अग्नीच्या सरोवराचं असं वर्णन केलं होतं की मी आठवडाभर आईच्या कुशीत झोपले. ती भीती अजून आहे, रात्री अडीचला येते. बराच काळ मला ती भीती आणि माझा खरा विश्वास वेगळे करता येत नव्हते. आता थोडं येतं. भीतीत फक्त आग दिसते, माणूस दिसत नाही. पण कधीकधी दुपारी, बसमध्ये वगैरे, 'जाऊ नको' असं वाटतं तेव्हा मला येशू दिसतो. विहिरीपाशी शोमरोनी बाईकडे पाणी मागणारा. त्याला सोडायचं नाहीये मला. आगीची भीती असो वा नसो, त्याच्याशी मी अजून बोलते. हे इतकं साधं वाक्य मला स्वतःशी म्हणायला दीड वर्ष लागलं.

आणि माणसं. आजोबा गेले तेव्हा मंडळीतल्या बायकांनी नऊ दिवस आमच्या घरात चूल पेटू दिली नाही, डबे येत राहिले. ऑनलाइन गटातली मुलगी कितीही गोड असली तरी डबा आणणार नाही. कब्रस्तानही मंडळीचंच. हे हिशेबी वाटेल, पण धर्म हा डब्यांचा आणि जमिनीचाही मामला आहे.

शंका घेणं आपल्याकडे नवं नाही, हेही सांगते. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वांटेजला बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून वाद सुरू केला. एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीच्या हाताखाली जायला नाही, असा त्यांचा सूर. पुढे त्याच बाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं. म्हणजे भांडणं आणि राहणं एकत्र जमतं. प्रत्येकाला जमेल असं नाही.

तर मी ठरवलंय ते असं. एक वर्ष. कुठलीही दीक्षा घेणार नाही, पैसे घेऊन 'सर्टिफाइड' करणाऱ्या कोर्सला जाणार नाही, स्फटिकांवर एक रुपया घालवणार नाही. ज्या देवतेवर माझा विश्वास नाही तिचं नाव गंमत म्हणून घेणार नाही, ते मला दोन्ही बाजूंनी उद्धट वाटतं. चंद्राची वही ठेवणार, ऋतू इथले पाळणार, वाचणार. दोन माणसांना खरं सांगितलंय, एक मैत्रीण आणि आता आई. रविवारी उपासनेला जाणार. पण प्रभुभोजन घेत नाहीये सध्या, कारण ते मला वचन दिल्यासारखं वाटतं आणि वचन अर्धवट देता येत नाही. थाळी पुढे सरकवली तेव्हा शेजारी आजी होती. तिने एवढंच विचारलं, "पोट बरं नाही का गं?" मी म्हटलं, बरंय आजी. तिने पुढे काही विचारलं नाही, माझा हात मात्र उपासना संपेपर्यंत सोडला नाही.

तुमच्यापैकी काही जण घरच्यांवर अवलंबून असाल, कॉलेजची फी बाबा भरत असतील. तर घाईने घोषणा करू नका, वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

जूनमध्ये मृग निघाला की मामाच्या शेतावर जायचं ठरलंय, पेरणीला. आजीपण येणार आहे. पाभर चालायच्या आधी ती बियाण्याच्या पाटीवर हात ठेवून काहीतरी पुटपुटते. लहानपणापासून बघतेय, शब्द कधी नीट ऐकले नाहीत. या वेळी जवळ उभी राहून ऐकणार आहे.