'आदिवासी' : कोशातील स्वतंत्र नोंद की नुसते 'पहा'?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञानकोशाची रचना करताना संपादकांपुढे एक प्रश्न वारंवार उभा राहतो. एकाच समूहासाठी दोन शब्द रूढ असतील, तर दोन नोंदी करावयाच्या, की एकच नोंद करून दुसऱ्या शब्दापुढे केवळ 'पहा' असे लिहावयाचे? पृष्ठे मर्यादित असतात, पुनरुक्ती टाळावयाची असते. तेव्हा 'पहा' लिहिणे सोयीचे ठरते. 'अनुसूचित जमाती' ही नोंद कोशात असताना 'आदिवासी' या शब्दाला वेगळी नोंद कशासाठी, हा प्रश्न वरवर पाहता याच सोयीचा आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४३ लक्ष होती. एवढ्या लोकांपैकी बहुसंख्य स्वतःला ज्या नावाने ओळखतात, ते नाव शासकीय संज्ञेचा केवळ पर्याय आहे काय, हा प्रश्न निव्वळ संपादकीय सोयीचा राहत नाही.

या वादाला संविधान सभेतच तोंड फुटले होते. छोटा नागपूरचे प्रतिनिधी जयपालसिंग यांनी आपल्या लोकांसाठी 'आदिवासी' हाच शब्द संविधानात असावा असा आग्रह धरला. हिंदी अनुवादात 'वनजाति'सारखे शब्द योजले गेले, त्यालाही त्यांनी हरकत घेतली. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या डिसेंबरात 'अनुसूचित जमाती' या शब्दप्रयोगाचे समर्थन केले. त्यांचे म्हणणे असे की, 'आदिवासी' ही सर्वसामान्य संज्ञा आहे, तिला निश्चित कायदेशीर अर्थ नाही. उलट अनुसूचीत जमातींची नावानिशी गणना होत असल्यामुळे न्यायालयापुढे वाद गेल्यास कोण आत आणि कोण बाहेर हे ठरविता येते.

विधिज्ञ म्हणून डॉ. आंबेडकरांचे म्हणणे बरोबर होते. ज्या हक्कावर राखीव जागा, शिष्यवृत्ती आणि जमिनीचे संरक्षण अवलंबून आहे, त्याची व्याख्या सैल ठेवता येत नाही. पण त्याच युक्तिवादातून दुसराही निष्कर्ष निघतो. दोन संज्ञांची व्याप्ती एक नाही, एक व्यापक व एक निश्चित आहे, असे खुद्द संविधानाच्या शिल्पकारानेच सांगितले असेल, तर कोशकाराने त्या दोन्ही एकच कशा मानाव्यात?

अनुसूचीचे कार्य कसे चालते ते पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. संविधानाच्या ३४२ व्या अनुच्छेदान्वये राष्ट्रपती प्रत्येक राज्यासाठी जमाती अधिसूचित करतात. त्या यादीत भर घालावयाची वा तीतून नाव वगळावयाचे, तर संसदेला कायदा करावा लागतो. १९५० च्या आदेशात विदर्भातील जमातींना ही मान्यता ठराविक प्रदेशापुरतीच होती. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ या तालुक्यांतला गोंड अनुसूचित होता. तालुक्याची हद्द ओलांडून पलीकडे राहणारा त्याचा सोयरा अनुसूचित नव्हता. दोघांची बोली एक, दैवते एक, दारिद्र्यही एक. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन बहुतांशी उठले. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या २९ लक्ष ५४ हजार, म्हणजे ५.८६ टक्के होती. १९८१ साली ती ५७ लक्ष ७२ हजार, म्हणजे ९.१९ टक्के झाली. दहा वर्षांत माणसे दुप्पट होत नाहीत. नामसाधर्म्याचा लाभ घेऊन काही इतरही यादीत शिरले असतील. परंतु या वाढीचे मुख्य कारण यादीच्या मजकुरात झालेला बदल हेच होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या आकड्यांना मोठे महत्त्व आहे. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजनेची कल्पना आली आणि लोकसंख्येच्या प्रमाणात निधी हे तत्त्व पुढे मान्य झाले. म्हणजे वर्गीकरण हीच वाटपाची पहिली पायरी ठरली. ज्याचे नाव यादीत नाही, त्याचे दारिद्र्य त्या हिशेबात धरले जात नाही.

याहून ठळक उदाहरण आसामचे आहे. एकोणिसाव्या शतकात चहामळ्यांसाठी मुंडा, उरांव, संथाळ मजूर छोटा नागपूर आणि आसपासच्या प्रदेशांतून करारावर नेण्यात आले. त्यांचे वंशज आज तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. झारखंडमध्ये याच जमाती अनुसूचित आहेत; आसामच्या १९५० च्या यादीत मात्र चहामळ्यांतील या लोकांना स्थान मिळाले नाही. अनुसूचित दर्जाची त्यांची मागणी कित्येक दशकांची आहे. ते स्वतःला आदिवासी म्हणवितात. 'आदिवासी' या शब्दापुढे 'पहा : अनुसूचित जमाती' असे लिहिणारा कोश या मजुरांना आधी यादीकडे पाठवितो आणि यादी त्यांना परत पाठविते.

आता शब्दाच्या इतिहासाकडे वळावयास हवे. इंग्रज राजवटीच्या जनगणनेने या समूहांना निरनिराळी नावे दिली. १८९१ साली ते 'वन्य जमाती' होते, १९०१ साली 'जडप्राणवादी' ठरले, १९३१ साली 'आदिम जमाती' झाले आणि १९४१ साली नुसत्या 'जमाती'. १९४३ साली डॉ. गो. स. घुर्ये यांनी त्यांना मागासलेले हिंदू म्हटले. ही सर्व नावे बाहेरच्यांनी ठेवलेली होती. 'आदिवासी' या शब्दाचे तसे नाही. शब्द संस्कृत घडणीचा आहे, त्याच्या प्रसारात ठक्करबाप्पांसारख्या सेवकांचाही वाटा आहे. परंतु १९३८ साली छोटा नागपुरात आदिवासी महासभा उभी राहिली आणि पुढल्या वर्षी जयपालसिंग तिचे अध्यक्ष झाले, तेव्हा तो राजकीय हक्काचा शब्द बनला. २००० साली झारखंड राज्य निर्माण झाले, त्याची एक मुळी या महासभेपर्यंत पोचते. हा इतिहास 'अनुसूचित जमाती' या नोंदीत तळटीप म्हणूनसुद्धा मावणार नाही, कारण तो त्या नोंदीचा विषयच नाही.

या शब्दाने जोडले गेलेले लोक वंशाने किंवा भाषेने एक नाहीत. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी भिल्लांची बोली आर्यभाषाकुलातली, गोंडी आणि कोलामी द्राविड कुलातल्या, तर मेळघाटातील कोरकू मुंडा कुलातली. त्यांना जोडणारा समान अनुभव आहे तो जमीन व जंगल हातून जाण्याचा, सावकाराच्या वहीचा आणि वेठबिगारीचा. १९४५ साली ठाणे जिल्ह्यात शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगार नाकारली, तेव्हा त्या अनुभवाला संघटनेचे रूप आले. जमातीचे नाव जन्माने मिळते. 'आदिवासी' ही व्यापक ओळख अशा लढ्यांतून घडली आहे.

म्हणूनच 'वनवासी' हा पर्यायी शब्दही पुरा पडत नाही. तो माणसाचा पत्ता सांगतो, त्याचा हक्क सांगत नाही. कातकऱ्याचे नाव खैराच्या कातावरून आले. जंगल राखीव झाल्यावर कात पाडण्याचा धंदा बुडाला आणि कातकरी कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर मजुरीला गेला. वीटभट्टीवर राहणारा कातकरी वनवासी उरला नाही, म्हणून तो कातकरी उरला नाही काय?

या भूमिकेवर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, 'आदि' या उपपदाने मूळ रहिवासाचा दावा होतो आणि तो इतिहासाने सर्वत्र सिद्ध होत नाही. मूलनिवासी लोकांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००७ सालच्या जाहीरनाम्याला भारताने अनुकूल मत दिले, तेव्हाही स्वातंत्र्योत्तर भारतातील सारेच लोक मूलनिवासी आहेत, अशी पुस्ती जोडली. या आक्षेपात तथ्यांश आहे. परंतु कोशातील नोंद म्हणजे रहिवासाचा दाखला नव्हे. वादग्रस्त शब्दाचा वाद दोन्ही बाजूंनी नोंदविणे हे तर कोशाचे कर्तव्यच आहे. वाद आहे म्हणून शब्दच गाळणे ही तटस्थता नव्हे. दुसरा आक्षेप फुटीरतेचा. त्याला उत्तर साधे आहे. हा शब्द भिल्ल, वारली, गोंड, कोलाम यांना एकत्र आणणारा आहे, आणि त्यांनी या शब्दाने मागितले ते देशाच्या संविधानातीलच हक्क.

मात्र स्वतंत्र नोंदीने शब्दाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नागालँड, मिझोराममधील अनुसूचित जमातींचे लोक सामान्यतः स्वतःला आदिवासी म्हणवीत नाहीत. म्हणजे यादीत असून आदिवासी न म्हणविणारे आहेत, आणि आदिवासी असून यादीत नसलेलेही आहेत. ही दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात, एकमेकांवर बसत नाहीत. स्वतंत्र नोंदीचे समर्थन करण्यास एवढे पुरेसे आहे. 'अनुसूचित जमाती' या नोंदीत अनुच्छेद, आदेश, दुरुस्त्या आणि आकडे यावेत. 'आदिवासी' या नोंदीत शब्दाची घडण, संविधान सभेतील वाद, जमीन आणि जंगल यांचा इतिहास, चळवळी आणि मतभेद यावेत. दोन्हींनी एकमेकींकडे निर्देश अवश्य करावा. एकीने दुसरीला गिळू नये.

कार्यकर्त्यांचा या चर्चेशी संबंध आहे तो याच कारणाने. वनहक्काचा दावा भरताना यादीतील नाव अचूक लिहावे लागते. तेथे सैलपणा चालणार नाही. परंतु आश्रमशाळेतील मुलगी ग्रंथालयातला कोश उघडून आपल्या लोकांचे नाव शोधते, तेव्हा तिला शासकीय आदेशाचा क्रमांक नको असतो. आपण कोण, हे नाव कोणी घेतले आणि कशासाठी घेतले, हे तिला वाचावयाचे असते. त्या पानावर केवळ 'पहा' असू नये, एवढीच मागणी आहे.