संगणकाची घरगुती डागडुजी



गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. आमची जा-ये मात्र दोहोंकडे सारखीच. जंगलभागातील काही शाळांचे संगणक आम्ही चौघे मित्र हौसेने सांभाळतो. त्यांवर डेबियन ही मोफत प्रणाली आहे. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ती चालवीत आले आहेत. तिच्यातील प्रत्येक वस्तू 'पॅकेज' होऊन येते, आणि तिला सोबत आणखी काय लागते हे त्यातच लिहिलेले असते.

पॅकेजे जुनी ठेवून भागत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने असंख्य विंडोज संगणकांना कुलूप घातले. मायक्रोसॉफ्टने त्यावरील डागडुजी मार्चमध्येच दिली होती; ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले.

पण भामरागडच्या बाजूला ही डागडुजी न्यावी कशी? पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो. इंटरनेटचे तर विचारूच नका. म्हणून आम्ही घरीच एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यावयाच्या हुकमांचे क्रमवार टिपण. ती शाळेतील पॅकेजांची यादी काढते. चंद्रपुरात आम्ही नवी पॅकेजे पेनड्राइव्हवर उतरवून घेतो, आणि पुढच्या खेपेला ती शाळेत बसवतो. वाटेत कोणी भेसळ केलीच, तर डेबियनची सही जुळत नाही व संगणक माल नाकारतो.

इथवर ठीक होते. पण संगणक घडोघडी 'करू का?' विचारतो. उत्तरे देत कोण बसणार! आम्ही स्क्रिप्टमध्येच 'हो' लिहून टाकले, आणि निरुपयोगी पॅकेजे काढण्याचा हुकूमही जोडला. आता निरुपयोगी कोणते? जे कोणी मागितले नव्हते, दुसऱ्याच्या सोबतीने आले, आणि तो सोबती गेल्यावर मागे उरले, ते. एका शाळेत मराठी टंकनाचे पॅकेज नेमके असेच आले होते. जूनमध्ये ते गेले, आम्ही परतलो, आणि पाऊस लागला. दीड महिना गुरुजींनी दाखले हाताने लिहिले. आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "मराठी काढायचा हुकूम वरून आला होता का?"

वरून कुठला, आमचाच तो!

आता काहीही काढण्यापूर्वी स्क्रिप्ट थांबते, यादी दाखवते, आणि माणसाच्या होकाराची वाट पाहते. मराठी टंकन 'मागून घेतलेले' म्हणून नोंदवले आहे. स्क्रिप्टची छापील प्रतही, ओळीओळीला मराठी टीप देऊन, शाळेच्या कपाटात ठेवली. परवा गुरुजींनी तीत एक चूक काढली. दुरुस्त प्रत पावसाआधी पोचवायची आहे.