पाटी थोडी थांबू द्या

(एका बालवाडीच्या पालक सभेत निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



आजच्या सभेपुढे अकरा पालकांच्या स्वाक्षऱ्यांचा एक अर्ज आहे. दिवाळीनंतर मोठ्या गटाला रोज एक पान लेखन द्यावे, घरी अभ्यास द्यावा, आणि हे होणार नसेल तर जूनपासून आम्हाला मुलांचा दुसरीकडे विचार करावा लागेल, असा त्याचा आशय आहे. अर्जाची भाषा सभ्य आहे आणि त्यातील काळजी खरी आहे, हे मी आरंभीच मान्य करते. शेजारच्या घरातील चार वर्षांची मुलगी पाहुण्यांसमोर इंग्रजी मुळाक्षरे लिहून दाखवते आणि आपला मुलगा मात्र गुडघे मळवून घरी येतो, तेव्हा आईच्या पोटात कालवाकालव होणारच. संचालक मंडळाने मला सांगितले, एक आठवडा बालवाडीत बसा आणि जे दिसेल ते सभेत सांगा. मी चौतीस वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला. बालवाडीतून आलेली मुले मी हजारोंनी पाहिली. पण सबंध आठवडा बालवाडीत बसण्याचा योग मात्र यापूर्वी कधी आला नव्हता.

सोमवारी मी वही-पेन घेऊन कोपऱ्यात बसले. दोन तास केवळ गलबला होता. कुणी मातीत, कुणी ठोकळ्यांत, कुणी नुसतेच खिडकीत. अर्ज करणाऱ्यांच्या मनात जे आले तेच माझ्याही मनात आले, की ही मुले तर नुसती खेळतात! त्या दिवशी वहीत मी तारखेखेरीज काहीही लिहिले नाही.

मंगळवारी ठरवले, सर्वांकडे पाहायचे नाही, एकाच मुलाकडे पाहायचे. पाण्याच्या घंगाळापाशी एक साडेचार वर्षांचा मुलगा तांब्यातून फुलपात्री भरीत होता. चार फुलपात्री काठोकाठ भरली, पाचवे कोरडेच राहिले. त्याने तांब्या उलटा करून हलवला. मग बुडाशी बोट फिरवून भोक आहे का ते पाहिले. सगळे पाणी परत तांब्यात ओतले आणि पुन्हा भरायला घेतले. पुन्हा चारच. असे त्याने सात वेळा केले. सातही वेळा मी मोजले. शेवटी शेजारच्या मुलीला त्याने गंभीरपणे सांगितले, “याच्यात चारच मावतात, पाच नाही मावत.” बुधवारी आल्या आल्या त्याने दुसरा, मोठ्या पोटाचा तांब्या मागून घेतला. त्यात सहा मावली. मग त्याने दोन्ही तांबे शेजारी ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. तिसरी-चौथीच्या वर्गात मापन शिकवताना फळ्यावर लिटर आणि मिलिलिटर लिहून आपण जे समजावू पाहतो, ते या मुलाने दोन दिवसांत स्वतःच्या हाताने शोधले होते. पाण्याने भिजलेला त्याचा सदरा घरी पाहिला गेला असेल. ही सात वेळांची तपासणी घरी कळली असेल का, मला शंका आहे.

गुरुवारी चिंचोके, राजमा, हरभरे आणि वाल एकत्र केलेले ताट मध्ये होते. एक मुलगी ते निवडून चार वाट्यांत टाकीत होती. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट, या तीन बोटांच्या चिमटीत एकेक दाणा. माता-पित्यांनो, पेन्सिल धरायची पकड हीच असते. ही पकड बळकट झालेली नसताना मुलाच्या हाती पेन्सिल दिली, तर ते ती मुठीत धरते, कागद फाटेपर्यंत दाबते, आणि ती सवय पहिलीत मोडताना शिक्षकाच्या आणि मुलाच्या दोघांच्याही नाकी नऊ येतात. हे मी अनुमानाने सांगत नाही. प्रत्येक जूनमध्ये अशा मुठी मी उघडल्या आहेत. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि वयानुसार एकेक करून हाडात रूपांतरित होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांतील साधारण तीन-चारच तयार झालेली असतात. एक पान भरून ‘अ’ काढताना बाळाचा हात दुखतो, असे ते म्हणाले तर तो आळस समजू नये.

येथे एक घरची गोष्ट सांगितली पाहिजे. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याला रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसवीत असे. शिक्षिकेचा मुलगा मागे राहिला असे कुणी म्हणू नये, हा त्यामागचा हेतू. मुलाचे हित त्यात किती होते ते आज सांगणे कठीण आहे. तो सुंदर लिहीत असे. पाहुणे कौतुक करीत. काही दिवसांनी दिवेलागणीच्या सुमारास त्याचे पोट दुखू लागले. मी ओवा दिला, डॉक्टरांकडे नेले, जंताचे औषध झाले. चार महिने हे चालले. एके दिवशी तांदळाच्या डब्यामागे मला पाटी सापडली, कपड्यात गुंडाळून लपवलेली. शाळेत पन्नास मुलांना ओळखणाऱ्या बाईला घरच्या मुलाचे पोटदुखणे चार महिने कळले नाही. तो पुढे शिकला, नोकरीला लागला, सर्व यथास्थित झाले. पण स्वतःहून पुस्तक उघडून बसलेला मी त्याला क्वचितच पाहिला.

अर्जात एक प्रश्न आहे, की लेखन न शिकता पहिलीत प्रवेश कसा मिळणार? शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केलेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा पाच वर्षांचा सलग पायाभूत टप्पा मानला असून खेळ आणि कृती हीच त्याची पद्धत सांगितली आहे. कायदा असूनही काही ठिकाणी मुलाला खुर्चीत बसवून प्रश्न विचारले जातात, हे मला ठाऊक आहे. परंतु चूक विचारणाऱ्याची असताना शिक्षा चार वर्षांच्या बोटांना का?

खेळातून शिक्षण ही परदेशातून आलेली चैन आहे, असेही कुणी बोलून दाखवले. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले ते कामकऱ्यांच्या गरीब वस्तीत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. आणि आपल्याकडे ताराबाई मोडकांनी काय केले? भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून त्यांनी ही पद्धत आत्मसात केली, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ मध्ये शहर सोडून त्या बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागडी साधने तेथे कोठून येणार? खडे, शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्या अंगणातला आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आपल्या ताईंच्या ताटातला चिंचोका याच परंपरेतून आला आहे.

शुक्रवारी भातुकलीत बाबा कोणी व्हायचे यावरून मोठे भांडण झाले. मध्ये पडण्यासाठी मी दोनदा उठले, ताईंनी नजरेनेच मला बसवले. दहा मिनिटांनी दोन बाबा आणि एक आजोबा असे ठरले. आजोबा झालेला मुलगा जूनपासून वर्गात एक शब्दही बोललेला नव्हता, असे ताईंनी नंतर सांगितले. काठी टेकीत तो आला आणि म्हणाला, “चहा आणा.” सगळ्यांनी त्याला चहा आणला. शनिवारी भेळ होती. कुरमुरे वाटताना एका मुलीने न आलेल्या मैत्रिणीची वाटी आठवणीने बाजूला काढून ठेवली.

आता थोडे बालवाडीविषयी. दोष तिचाही आहे. सकाळी दार बंद होते ते साडेअकराला उघडते, आणि आईच्या हाती मळलेला फ्रॉक पडतो. आत काय घडले हे तिला कोण सांगणार? आठवड्यातून एकदा प्रत्येक मुलाविषयी दोन ओळी लिहून दिल्या असत्या, तर हा अर्ज कदाचित आलाच नसता. ताईंचे मानधनही आपण सर्वांनी एकदा लाजून पाहण्यासारखे आहे. तो विषय आजचा नाही, पण पुढच्या सभेत मी तो काढणार आहे.

माझी सूचना एवढीच. वाळूत बोटाने, फरशीवर खडूने, हवेत हाताने मुलांना मनसोक्त गिरवू द्या. खरखरीत कागदाची अक्षरे बनवा, मुले त्यांवरून बोट फिरवतील. ज्याला आपणहून लिहावेसे वाटेल त्याला अडवू नका. मात्र पानांची सक्ती आणि घरचा अभ्यास या मुलांच्या वाट्याला आताच नको. स्वाक्षरी करणाऱ्या अकरा पालकांना माझी विनंती आहे, की निर्णय आज घेऊ नये. येत्या सोमवारपासून रोज दोघांनी सकाळी पाऊण तास येऊन बसावे. ताईंनी ते मान्य केले आहे. मावशी घंगाळाजवळ दोन पाट मांडून ठेवतील. बोलायचे मात्र नाही. मलाही ते शुक्रवारपर्यंत जमले नव्हते.