एकाच नावाचा आजार

डमडम हे नाव मराठी माणसाच्या कानी पडते ते विमानतळामुळे, नाहीतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील कारखान्यात जन्मलेल्या कुप्रसिद्ध गोळीमुळे. जुन्या मराठीतला ‘दमदमा’, म्हणजे तोफा चढविण्याचा मातीचा उंचवटा, तोच या नावाच्या मुळाशी आहे असे म्हणतात. परंतु डमडमहून भुयारी रेल्वेने कोलकात्यात जाणाऱ्या गर्दीत काही आईबाप असेही असतात, की ज्यांना मुलाच्या रक्ताची चिंता चित्तरंजन ॲव्हेन्यूवरील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनकडे नेत असते.

हिमोग्लोबिन ‘ई’ची ओळख शास्त्रज्ञांना १९५४ साली झाली. त्याच दशकात या संस्थेतील डॉ. ज्योतिभूषण चॅटर्जी यांनी बंगाली रुग्णांमध्ये त्याचा कसून अभ्यास केला. बीटा साखळीत सव्विसाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन येते, एवढाच काय तो फरक. तो एकाच पालकाकडून आला तर माणूस धडधाकट असतो. त्याला जन्मभर पत्ताही लागत नाही. पण दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक आले की ‘ई-बीटा थॅलेसेमिया’ उद्भवतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याच्या वाट्याला तो येण्याचा संभव चारांत एक.

खरे कोडे पुढेच आहे. या व्याधीचे एक मूल महिन्याच्या महिन्याला रक्त घेते, तर दुसरे थोड्याशा फिकटपणावर शाळा पुरी करते. असे का व्हावे? थॅलेसेमियाचे काही बदल जनुकाला जवळजवळ मुके करतात, काही त्याचा आवाज केवळ मंद करतात. परंतु सख्ख्या भावंडांत बदल तेच असूनही तफावत दिसते. बीटा साखळी कमी पडली की उरलेल्या अल्फा साखळ्या तांबड्या पेशींचा घात करतात. ज्या भावंडाला अल्फाचीही उणीव वारशाने मिळते, त्याचा तोल उलट सावरतो! गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एखाद्याच्या शरीरात पुढेही पुष्कळ बनत राहते, तेही तारक ठरते. युरोपात अधिक आढळणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसचे जनुक १९८९ साली सापडले, तेव्हा तेथेही हेच प्रत्ययास आले: बदल तोच, पण फुप्फुसांची दशा निरनिराळी.

म्हणूनच केवळ नावावरून रक्त चढवू लागणे धोक्याचे. वारंवार घेतलेल्या रक्तातले लोह हृदयात व यकृतात साचते आणि ते उतरविण्यासाठी पुन्हा औषध लागते. उलट, खरोखरच गरज असलेल्या मुलाला रक्त मिळण्यास विलंब झाला तर त्याची वाढ खुंटते, चेहऱ्याची हाडे फुगतात. यासाठी जाणता वैद्य जनुकाचा अहवाल पाहतोच, पण मुलाची उंची, पाणथरीचा आकार आणि खेळण्यातला उत्साह काही महिने पारखून मगच निर्णय देतो.