प्रश्न मांडण्याचे शिक्षण
(शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने इयत्ता ६ वी ते ८ वीच्या टप्प्यात मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्याची ओळख करून द्यावी, असे सुचविले आहे. या कामात मूल अडले, की पुष्कळदा ते शिक्षकांआधी मोबाईललाच विचारते. २००८ साली सुरू झालेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो'सारख्या प्रश्नोत्तरांच्या मंचावर अनोळखी जाणकार विनामूल्य उत्तरे देतात. ही मोठी सोय होय. परंतु तिने मुलांचे कौशल्य वाढते की खुंटते? माझ्या मते, जो उत्तर केवळ उतरवून घेतो त्याचे खुंटते. जो प्रश्न नीट मांडतो त्याचे वाढते.

उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचे घेऊ. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची स्थूल वेळ मिळते, हा हिशेब आपल्याकडील कोळी बांधवांना ठाऊक आहे. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा. समजा, सातवीतील एका मुलीने प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतचे कोष्टक तयार करणारी आज्ञावली पायथन भाषेत लिहिली. त्यासाठी 'रेंज' या आज्ञेत तिने १ आणि १५ हे आकडे घातले. कोष्टक मात्र चतुर्दशीलाच संपले. ऐन उधाणाचा दिवसच गळाला!

आता तिने "माझी आज्ञावली चालत नाही, दुरुस्त करून द्या" एवढेच विचारले, तर कोणीतरी १५ च्या जागी १६ घालून देईल. ती उतरवून घेईल आणि उद्या तीस दिवसांचे कोष्टक करताना तीच चूक पुन्हा करील. याउलट, "मी १ व १५ हे आकडे दिले, पंधरा ओळी अपेक्षित होत्या, चौदा मिळाल्या, शेवटची तेवढी नाही," असे तिने लिहिले, तर लिहितालिहिताच चुकीची जागा तिला दिसू लागेल. 'रेंज' शेवटचा आकडा मोजणीत धरीत नाही, हा नियम मग कोणीही सांगितला तरी तिच्या मनात पक्का ठसेल.

उत्तर मिळाल्यावरही काम संपत नाही. दुरुस्त आज्ञावली पौर्णिमेपुढे ११.२५ असा आकडा दाखवील. तो अकरा वाजून पंचवीस मिनिटे असा वाचणे चूक. ते सव्वाअकरा, म्हणजे अकरा वाजून पंधरा मिनिटे होत. दूरच्या जाणकारास भरतीची वेळ ठाऊक नसेल. ही पारख आपल्या मुलीनेच करावयाची आहे. आता तर यंत्रेही क्षणात उत्तरे लिहून देतात; ती खरी भासली तरी पुष्कळदा चुकीची निघतात, म्हणून २०२२ च्या डिसेंबरात 'स्टॅक ओव्हरफ्लो'ने अशा उत्तरांना मनाई केली.

आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे ध्वनिचित्र-धडे आहेत, त्यांपैकी अनेक मराठीतही आहेत. तेथे प्रश्न विचारताना धडा, मिनिट आणि सेकंद नमूद करण्याची सोय आहे. आपण नेमके कोठे अडलो, हे विद्यार्थ्याला आधी स्वतः शोधावे लागते. ही पद्धत आपण अवश्य उचलावी.

त्यासाठी संगणकांची मोठी संख्या नको. एक वही पुरे. प्रश्न विचारण्यापूर्वी मुलाने तीत तीन ओळी लिहाव्यात: मी काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले. उत्तर मिळाल्यावर ते मिटून, आकडे बदलून आज्ञावली पुन्हा लिहावी. मग तेच वर्गमित्रास मराठीत समजावून सांगावे. सार्वजनिक मंचावर मुलांनी आपले नाव, गाव, छायाचित्र वा दूरध्वनी क्रमांक देऊ नये. प्रश्न शिक्षकांच्या देखरेखीखालीच पाठवावा.

शहरातील मुलाला खासगी वर्ग असतो, घरी जाणते माणूस असते. आपल्या वाडीतील मुलास बहुधा आपणच आहोत. त्याला नीट विचारता आले, तर जगभरचे जाणकार त्याचे गुरू होतील. न आले, तर तो दुसऱ्याच्या ओळी उतरवीत राहील. पुढील शाळाभेटीत ही प्रश्नवही मी अगत्याने पाहीन. तीत उत्तरे थोडी असली तरी चालतील. प्रश्न मात्र मुलांचे स्वतःचे असावेत.