जुना ट्रॅक्टर : दुरुस्त करावा की विकावा?



सोमेश्वर कारखान्याचे गाळप संपले, की आपल्या भागातील ट्रॅक्टर गॅरेजच्या दारात उभे राहू लागतात. पुढे आडसाली लागणीची नांगरट आणि सरी दिसत असते. मिस्त्री इंजिन उघडून खर्च सांगतो आणि आपण उभ्या पायावर 'होय' म्हणतो. लाख-दीड लाखाचा हा निर्णय घरी वही-पेन्सिल घेऊन करावा. तो कसा करायचा, हे आज पाहू.

प्रथम दुखणे कोठे आहे, ते नक्की करावे. एअर क्लीनर चोंदला, नोझल बिघडले किंवा बोजा जास्त झाला, की काळा धूर येतो. हे काम थोडक्यात भागते. निळा धूर आणि ब्रीदरमधून जोराने येणारा धूर ही मात्र रिंगा-लायनर झिजल्याची खूण होय. क्रँक यापूर्वी किती वेळा घासला आहे, हे विचारावे. आणखी घासण्यास जागा नसेल, तर नवा घ्यावा लागतो. नांगर उचलून इंजिन बंद करावे. नांगर लगेच खाली बसला, तर हायड्रॉलिकचेही काम आहे असे समजावे. क्लच, गिअर बॉक्स, ब्रेक व टायर धरून सर्व कामांचे एकच लेखी अंदाजपत्रक घ्यावे.

आता हिशेब. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, ३५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे त्या स्थितीत १,२०,००० रुपयांना विकला जातो आणि दुरुस्तीस १,५०,००० रुपये लागतात. म्हणजे आपण त्यात २,७०,००० रुपये गुंतवतो. चार वर्षांनी त्याचे १,००,००० रुपये येतील असे धरल्यास घसारा वर्षाला ४२,५०० रुपये होतो. सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के व्याज १८,५०० रुपये. एकूण ६१,००० रुपये. ट्रॅक्टर चालो वा उभा राहो, हा बोजा पडणारच. शिवाय किरकोळ दुरुस्ती तासाला १०० रुपये धरा.

भाड्याचा दर तासाला ८०० रुपये असेल व त्यातील डिझेल आणि ड्रायव्हरचे ४६० रुपये वजा केले, तर ३४० रुपये उरतात. घरच्या ट्रॅक्टरने तासाला २४० रुपये वाचतात. ६१,००० रुपये भरून निघण्यास वर्षाला सुमारे २५० तास काम हवे. त्याहून कमी असेल तर भाड्याचा ट्रॅक्टर परवडतो.

नवा ट्रॅक्टर ७,००,००० रुपयांचा, दहा वर्षांनी किंमत २,००,००० रुपये आणि दुरुस्ती तासाला ४० रुपये धरल्यास घसारा व व्याज वर्षाला ९५,००० रुपये होते. तो जुन्यापेक्षा स्वस्त पडण्यास वर्षाला साडेपाचशेहून अधिक तास काम लागते. विमा यात धरलेला नाही.

यात एक पथ्य पाळावे. गेल्या वर्षी घातलेले पैसे या हिशेबात धरू नयेत. ते विकले तरी परत येत नाहीत आणि दुरुस्त केले तरी येत नाहीत. 'एवढा खर्च केलाच आहे' म्हणून पुन्हा खर्च करणे, यातच अनेक घरे अडकतात.

पैशांखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, सुटे भाग. एचएमटीचे ट्रॅक्टर १९७१ पासून निघू लागले. तो विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. अशा ट्रॅक्टरचे इंजिन उघडण्यापूर्वी भाग मिळतात का, ते पाहावे. दुसरी, कागदपत्रे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, तोही खर्च धरावा. तिसरी, वेळ. वाफसा आला की सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा असतो. भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नसेल, तर २५० तासांची अट थोडी सैल करावी. मात्र उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढायच्या असतील, तर ब्रेकच्या कामात काटकसर नको.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के, तर ट्रॅक्टरचे टायर व सुटे भाग यांवरील १८ वरून ५ टक्के झाला आहे. त्यापूर्वी घेतलेली दरपत्रके पुन्हा तपासून घ्यावीत.

आजपासून ट्रॅक्टरच्या कामाचे तास रोज वहीत लिहावेत. एका वर्षाची नोंद हाती असली, की गॅरेजमध्ये कोणालाही विचारावे लागणार नाही.